टेबलाखालची किटली

माझ्या मुलाला या वयात पेपर कापायची अवदसा आठवली. त्याच्या लेकीने कापला तर समजू शकते. तिची पत्रकारितेच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा तोंडावर आली आहे. त्यात एक व्यंगचित्र देतात आणि त्याचा अर्थ लिहायला लावतात, म्हणून ती रोज पेपरातलं चित्र कापून वहीत चिकटवते. पण शुक्रवारी पेपर उघडला तर चित्राच्या जागी खिडकी! आरपार स्वयंपाकघर दिसत होतं. कात्री चालवून बाप कामावर पसार.

"पप्पांना काय करायचंय त्याचं?" नात रडकुंडीला आली.

"डोक्यावर चिकटवणार असेल, टक्कल झाकायला. जा, खालच्या शिंप्याचा पेपर घेऊन ये."

गेली तडातडा, आली पाय ओढत. शिंप्याचं दुकान बंद होतं. त्याची धाकटी दोन दिवस दवाखान्यात, जुलाब-उलट्यांनी बेजार. शिंपीणबाई तिचे कपडे न्यायला आली होती, तिनेच पेपर दिला.

"आपल्या भागातली चाळीस मुलं आहेत तिथे, आजी."

मी दुसरीत शाळा सोडली. पण चित्र बघायला डोळे पुरतात, म्हणून नात मला समोर बसवून सराव करते. क्लासच्या सरांनी तिला क्रम घालून दिलाय. आधी मोठा कोण, लहान कोण. मग कुणाच्या हातात काय. शेवटी, चित्रकार कुणावर चिडलाय.

"मोठा हा पाणी तपासणारा," ती बोट ठेवून म्हणाली. "टेबलभर पसरलाय. लहान म्हणजे ही ग्लास घेऊन रांगेत उभी पोरं. याच्या हातात शिक्का. प्रत्येक ग्लासावर मारतोय, 'पिण्यास योग्य'. आणि बघतोय छताकडे."

"टेबलाखाली काय ते?"

"किटली. शेगडीवर ठेवलीय, वाफ येतेय. किटली कशाला काढली असेल?" तिने पेन्सिल चावली. "हां! स्वतःसाठी उकळतोय. म्हणजे त्याला माहितीये की..."

तिने वळून मागे पाहिलं. आमच्या पाठीमागे गॅसवर पातेलं खदखदत होतं.

माझा मुलगा शहराच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. पंधरा दिवसांपूर्वी त्याने घरात फर्मान काढलं होतं: पाणी उकळूनच प्यायचं, आणि बाहेर कुठे बोलायचं नाही, लोक उगाच घाबरतात. मी कुरकुरले, पण ऐकलं. परवा शिंपीणबाईने विचारलंसुद्धा, "एवढं काय उकळता हो दिवसभर?" मी ऐटीत म्हटलं, "माझ्या मुलाला घरच्यांची काळजी आहे."

नात एकदा चित्राकडे बघे, एकदा पातेल्याकडे. पाणी आटलं, पातेलं करपलं, घरभर वास सुटला, तरी गॅस बंद करायला आम्हा दोघींपैकी कुणी उठेना.

संध्याकाळी तो आला तेव्हा टेबलावर शिंप्याचा पेपर होता आणि त्यावर ते काळं पातेलं. त्याने दोन्हीकडे पाहिलं आणि बूटही न काढता बसला.

"पाणी शुद्ध करायच्या औषधाचा साठा संपला होता," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, नवा येईपर्यंत धकवून न्या. नाही म्हटलं असतं तर मला घरी बसवलं असतं. मग हिच्या कॉलेजचं काय? मी कोण गं आई? लहान माणूस."

"माझं नाव मध्ये घेऊ नका, पप्पा," नात म्हणाली. मान वर केली नाही तिने.

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी काही फोडलं की असाच बघायचा, आणि मी पोटाशी धरायची. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

"साहेब या चित्रात कुठेच नाही. त्या चित्रकाराने तुलाच मोठा काढलाय, आणि बरोबर काढलाय. शिक्का तुझ्या हातात होता. स्वतःच्या पोरीला उकळलेलं पाजलंस आणि शिंप्याच्या पोरीला शिक्का मारून कच्चं. तुझी फुशारकी मी मिरवली, तेव्हा शिंपीणबाईपुढे तोंड घेऊन मी जाईन. तू आत्ता उठ आणि पेपरच्या कचेरीत जाऊन सगळं सांग. आजच्या आज घरोघरी पातेली चढली पाहिजेत. तोवर या घरातलं पाणी तुला मिळायचं नाही. उकळलेलंसुद्धा."