माझ्या पोटातलं खारं पाणी

मी समुद्रकाठच्या थळ गावातल्या एका कोळ्याच्या घरातला जुना आइस्क्रीमचा पॉट आहे. बाहेर सागवानी बादली, तिला लोखंडी पट्ट्या, मधे दुधाचा डबा आणि वर फिरवायचा दांडा. बादली आणि डबा यांच्या मधल्या जागेत बर्फ आणि जाडं मीठ भरतात. एके काळी माझ्याशिवाय या घरात बारसं होत नसे. मग फ्रीज आला, नाक्यावर आइस्क्रीमचं दुकान आलं, आणि मी माळ्यावर फाटक्या जाळ्यांखाली पडलो. मित्रांनो, उंदरांच्या सोबतीनं माणसानं किती वर्षं काढायची?

यंदा मासळीनं हात दिला नाही. घरची सून किशोरी हिनं खर्चाला कात्री लावली. लेकीचा, ऋतिकाचा, हॉटेलातला वाढदिवस बंद. "पण पोरीची मजा न्हाय कमी होणार," असं तिनं नवऱ्याला, अल्पेशला, ठणकावून सांगितलं आणि मला खाली काढलं. बर्फ बंदरावर मिळतो, मीठ सुक्या मासळीसाठी घरात असतंच. ऋतिका मात्र गाल फुगवून बसली. "मैत्रिणी हसतील मला. त्यापेक्षा वाढदिवसच नको."

अल्पेश म्हणाला, "फसलं तर हे डबडं उद्याच भंगारात." डबडं! मला फार लागलं ते.

त्यात आजोबा येसाजींनी घोळ घातला. जन्मभर होड्या सांभाळलेला माणूस. माझ्या अंगाला वरच्या बाजूला एक छिद्र आहे. बर्फाचं खारं पाणी तिथून वाहून जातं, म्हणून ते दुधात शिरत नाही. येसाजींनी छिद्र पाहिलं आणि कोणालाही न विचारता त्यात कापूस ठोकून वर डांबर फासलं, होडीला करतात तसं. "आता थेंब न्हाय गळायचा," असं म्हणून माझ्या पाठीवर थापही मारली. मी काय बोलणार?

संध्याकाळी मैत्रिणी ओटीवर जमल्या. अल्पेश दांडा फिरवू लागला. पाणी चढू लागलं, चढत चढत डब्याच्या झाकणाशी आलं. माझा जीव टांगणीला लागला. आणखी थोडं चढलं, की दूध खारट, ऋतिकाचं हसं, किशोरीचा शब्द खोटा आणि मी भंगारात!

तेवढ्यात किशोरी फडकं घेऊन आली आणि थबकली. "ओटी कोरडी कशी? याचं पाणी जातंय कुठं?"

"भोक मीच बुजवलं ना," येसाजी ऐटीत म्हणाले.

"अवो बाबा, काय केलंत हे! काढा आधी!"

येसाजींनी धावत जाऊन दाभण आणलं. डांबर हटत नव्हतं. शेवटी बोळा सुटला आणि पाणी भसाभसा ओटीवर पसरलं. किशोरीनं झाकण पुसून उघडलं, वरचा थर चाखला आणि तोंड वाकडं केलं. तिनं तो थर खरवडून टाकला, खालचं चाखलं. "गोड हाय!"

पहिली वाटी ऋतिकाला मिळाली. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिनं चमचा उचलला, परत ठेवला आणि वाटी अल्पेशपुढे धरली. "पप्पा, तुम्ही घ्या आधी. हात दुखला असेल तुमचा."

अल्पेश तोंड फिरवून खाऊ लागला. त्या क्षणी मला इतकं भरून आलं, की काय सांगू!

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला खाली काढा. काम झालं की गोड्या पाण्यानं धुऊन पुसून ठेवा, नाहीतर मीठ आमच्या पट्ट्या खातं. आम्हांला अजून बरेच वाढदिवस करायचे आहेत.