मार्करचं बटण

भानुमती मॅडमना दोन गोष्टींचा धाक होता: नळाला पाणी यायचा दिवस आणि स्वतःचं डोकं. पहिला धाक त्या साली अख्ख्या औरंगाबादला होता. धरणाचा तळ उघडा पडलेला आणि शहर मात्र फुगतच चाललेलं. काल ज्वारी होती तिथं आज फ्लॅटच्या जाहिराती. उस्मानपुऱ्यात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही ऐन कॉलेजच्या वेळी. टाकी, बादल्या, पातेली, सगळं भरून मॅडम तंत्रनिकेतनात पोचायच्या तेव्हा साडीचा काठ ओला आणि जीव अर्धा झालेला असायचा.

दुसरा धाक त्यांचा एकटीचा. आई शेवटी शेवटी त्यांनाच ‘बाई, तुम्ही कोण?’ म्हणून विचारायची. आता आपलीही तीच गत होणार, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

निमित्त झालं प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या सिग्नल जनरेटरचं. हे यंत्र विजेच्या लहरी सोडतं आणि लहर सुरू झाली की मार्करच्या खुंटीतून एक ठोका देतं. शेजारचा ऑसिलोस्कोप त्या ठोक्यावर चित्र काढायला घेतो. नळ आला की गल्लीत आरोळी उठते ना, तसाच हा ठोका. तो वर उसळणारा हवा. उलटा पडला, तर स्कोप त्याचं शेपूट धरून बसतो आणि लहरीची सुरुवातच चित्रातून गायब होते. यंत्राची खोड अशी, की रोज चालू केलं की ठोका उलटाच. यंत्राच्या पडद्याचा ठोका दाखवणारा कोपराही जळालेला, त्यामुळे ठोका सुलटा की उलटा ते दिसायची सोय नाही. म्हणून मॅडम प्रयोगशाळेत शिरल्या की आधी ठोका पालटवणारं मार्करचं बटण एकदा दाबायच्या. वर्षानुवर्षांची सवय, बोट आपोआप जायचं.

आणि तरीही मधूनच पोरं विचारायला लागली, “मॅडम, लहरीचं डोकं कुठं गेलं?” मॅडम मनात म्हणायच्या, बटण दाबल्यासारखं तर आठवतंय! मग गुपचूप पुन्हा दाबून वेळ निभवायची. लाजेपायी त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं, प्राचार्यांना सांगून प्रॅक्टिकल सोडायची. जीव तुटत होता, पण पोरांसमोर शोभा नको.

सांगायला निघाल्या तो दिवस नेमका नळाचा. पण जलवाहिनी कुठंतरी फुटली, नळ कोरडाच, आणि मॅडम कधी नव्हे त्या लवकर पोचल्या. प्रयोगशाळेत इम्रान पाठमोरा उभा होता. गंगापूरचा हा पोरगा, त्यांचाच जुना विद्यार्थी, आता त्यांच्याच खात्यात शिकवत होता. यंत्र तापायला वेळ लागतो म्हणून तो रोज आधी येऊन चालू करून ठेवायचा. आज त्याने मार्करचं बटणही दाबलं.

“हे काय करतोयस रे?”

इम्रान दचकला. “काय नाय मॅडम. ठोका सुलटा करून ठेवला. आज नळाचा दिवस ना, तुम्ही लई दमून येता. तेवढंच एक काम कमी.”

“दर नळाच्या दिवशी करतोस?”

“व्हय. दोन-तीन महिने झाले. मग मी जातो माझ्या तासाला.”

मॅडम स्टुलावर बसल्या. “अरे गाढवा! मी आल्यावर परत दाबते ना! तू सुलटा केलेला मी उलटा करते!” आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला. “मी विसरत नव्हते इम्रान. मी एकदाही विसरले नव्हते. आईसारखं व्हायला लागलं म्हणून आज सगळं सोडायला निघाले होते रे.”

इम्रानचा चेहरा पांढरा पडला. “या अल्ला. मॅडम, तुम्हाला आराम पडावा म्हणून केलं हो.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर राग पण येत नाहीये नीट.” त्यांनी पदराने डोळे टिपले आणि जरा वेळाने हळूच विचारलं, “आणि समजा, उद्या खरंच विसरायला लागले तर?”

इम्रानने टेबलावरची वायर गुंडाळून ठेवली.

“तर तुमच्यासमोर बसून सांगीन मॅडम. गुपचूप बटण नाय दाबणार.”

“मला रडू आलं तरी?”

“मी बी रडीन. पण सांगीन.”

मॅडमनी मान डोलावली. जिन्यात पोरांचा गलका ऐकू यायला लागला, तसं त्यांनी त्याला त्याच्या तासाला पिटाळलं आणि फळा पुसायला घेतला.