कुंडलचं ‘व्हय की’

कुंडलमध्ये कुणाच्याही दारात जाऊन काहीही विचारा, ‘नाही’ म्हणून उत्तर मिळणार नाही. ‘व्हय की’ मिळेल, बसायला सतरंजी मिळेल, वर चहा मिळेल. हे मला कळतं, मी कुंडलची. अर्फालाही कळायला हवं होतं, तीही कुंडलचीच. पण एमबीएला गेलं की माणूस सगळ्यात आधी आपलं गाव विसरतो.

आम्ही दोघी सांगलीच्या एकाच कॉलेजात. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात कुठल्यातरी कंपनीत इंटर्नशिप करावी लागते. वर्गातल्या बऱ्याच जणांनी केली तशीच मीही केली. मामाच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून सही-शिक्का आणला आणि घरी पंख्याखाली बसून अहवाल लिहिला. अर्फाला असलं जमत नाही. तिनं सांगलीतल्या एका मसाला कंपनीत खरीखुरी इंटर्नशिप मिळवली.

तिचे अब्बा मोहिद्दीनचाचा स्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवतात. त्यांनी तिला शब्द दिला होता, कंपनीनं कायम केलं तर लग्नाचा विषय दोन वर्षं काढणार नाही. नाहीतर म्हसवडचं स्थळ दारात उभंच होतं. पोरगा अजीम, हार्डवेअरचं दुकान, नाव ठेवायला जागा नाही. पण अर्फाला नवरा नको होता, नोकरी हवी होती. रोज सकाळी इस्त्रीची ओढणी घेऊन ऑफिसला जायचं, एवढंच तिला जन्मापासून हवं असावं.

कंपनीला खेड्यात पाकिटातली कांदा-लसूण चटणी विकायची होती. आमच्याकडं! इथं प्रत्येक बाई उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून आणते आणि शेजारणीच्या चटणीला नाक मुरडते. अर्फानं घरोघरी जाऊन विचारायचं, पाकीट आलं तर घ्याल का.

स्कूटी माझी होती, म्हणून मीही हिंडले. अंबूबाई मोहित्यांच्या सोप्यात मिरच्या वाळत होत्या. म्हातारीनं त्या बाजूला सारून आम्हाला बसवलं.

“आज्जी, दुकानात आयती चटणी आली तर घ्याल?”

“व्हय की बाळे, घ्यू की. न घ्यायला काय झालंय? च्या घ्या आधी.”

अर्फानं फॉर्मातल्या ‘होय’वर खूण केली. पुढच्या घरी होय. त्याच्या पुढच्या घरी होय. मी म्हणाले, “एखादं तरी नाही लिही बाई, खरं वाटंल.”

ती चिडली. “तुझ्यासारखं मनाचं लिहू व्हय? सरांनी काय शिकवलंय, गिऱ्हाईक बोलतंय ते लिहायचं.”

मी स्कूटी चालू केली. मामाचा शिक्का घेऊन फिरणाऱ्या बाईनं कुणाला काय शिकवायचं?

सांगली ऑफिसचे दिग्विजय सर अहवालावर खूश झाले. कुंडलच्या दुकानांत माल उतरवला आणि अर्फाला म्हणाले, माल खपला की कॉलेज संपल्यावर तू कायम. त्या संध्याकाळी तिनं मला वडापाव खायला घातला आणि पगारातून अब्बांना नवीन शिलाई मशीन घ्यायची, हेही ठरवून टाकलं.

पाकिटं जागची हलली नाहीत. दुकानदार त्यांच्यावरची धूळ झटकून झटकून कंटाळला. शेवटी अर्फा अंबूबाईकडं गेली, मी मागोमाग.

“आज्जी, तुमी घेतो म्हनला व्हता.”

“म्हनलं की. उनातानातनं दारात आल्याल्या लेकीला न्हाई कसं म्हनायचं गं?” म्हातारीला खरंच नवल वाटलं. “माझी बरनी काठोकाठ भरलीया. थांब, तुला देती बांधून.”

अर्फा चटणीची पुडी घेऊन बाहेर आली. म्हातारीवर रागवायचं तरी कसं? मला मात्र साऱ्या गावाचा राग आला. इतकं गोड बोलून माणसाचा गळा कापणारं गाव दुसरं नसेल.

कंपनीनं माल परत नेला. दिग्विजय सर तिला म्हणाले, “घरात बसून भरलंस ना हे सगळं?” तिनं शपथ घेतली, पण त्यांचा विश्वास बसला नाही. प्रमाणपत्रही दिलं नाही. कॉलेजनं तिला पुढच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप पुन्हा करायला सांगितलं. मला अ श्रेणी मिळाली. कॉलेजातल्या सरांनी वर्गात माझा अहवाल वाचूनही दाखवला.

पुढच्या रविवारी म्हसवडचे पाहुणे आले. आदल्या दिवशी अर्फा मला म्हणाली होती, “अब्बांपुढं तोंड उघडत न्हाई माझं. पण त्या लोकांनी इचारलं तर तोंडावर न्हाई म्हननार. तू फक्त शेजारी बस.”

मी शेजारी बसले. अजीमची आई मायाळू निघाली. दोन एसट्या बदलून आलेली, घामानं भिजलेली, तरी तिनं अर्फाला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“बाळे, मनातलं सांग. पसंत हाय न्हवं आमचं घर?”

अर्फानं तिच्याकडं पाहिलं. दारात उभी असलेली तिची आई, हुसेनबी चाची, पदराशी चाळा करत होती.

“व्हय की,” अर्फा म्हणाली. अगदी अंबूबाईच्या आवाजात. “च्या घ्या आधी.”

मोहिद्दीनचाचांनी डोळे पुसले. हुसेनबी चाचीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. पुन्हा एकदा विचारायची आमच्याकडं रीत नाही.