आपला जॉकी

“सोमवारी डॉक्टरांकडे पैसे भरायचे आहेत, लक्षात आहे ना?” इंदूने विचारले आणि शामकांतने हातातला घास ताटात ठेवला.

पैसे होते कुठे! इंदूच्या पोटातल्या गाठीचे ऑपरेशन दिवाळीच्या आधी व्हायलाच हवे, असे नगरच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. त्यासाठी दीड वर्ष पोटाला चिमटा घेऊन दोघांनी दोनशे रुपये साठवले होते. त्यातले निम्मे शामकांत पुण्याच्या रेसवर हरला होता. ते परत मिळवायचे म्हणून उरलेले निम्मेही त्याने काल येत्या शनिवारच्या शर्यतीवर लावून टाकले होते. पत्र्याच्या पेटीत आता इंदूची एक जुनी शाल तेवढी होती.

“आहे गं लक्षात,” तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

एक्केचाळीस सालची ही गोष्ट. शामकांत भिंगारच्या लष्करी कोठारात कारकून होता. त्याने उभ्या आयुष्यात रेसकोर्स पाहिले नव्हते. मग हा गृहस्थ पैसे लावत होता तरी कशावर, असे तुम्ही विचाराल. तीच तर भिंगारची गंमत! खोगिरे शिवणाऱ्या लालमहंमदचा मुलगा महमूद पुण्यात जॉकी झाला होता. गेल्या मोसमात त्याने लागोपाठ दोन शर्यती जिंकल्या आणि भिंगारचा बाजार एकदम शहाणा झाला. बाकीचे जग घोड्यावर पैसे लावते. भिंगारकर महमूदवर लावू लागले. घोड्याचे नाव, वय, दम, कोणी काही विचारीना. “घोडा कोणता का असेना, वर आपला महमूद आहे ना!” एवढ्यावर भागत असे. सहादेव हॉटेलवाला चहाबरोबर पैजाही घेई. तो पैसे लावणाऱ्याच्या नावापुढे नुसते ‘महमूद’ असे लिही आणि पैसे गल्ल्यात टाकी.

गुरुवारी सकाळी बातमी आली. महमूद वजन उतरवायला घरी आला आहे आणि त्याला ताप भरला आहे. कचेरीकडे न वळता शामकांत थेट लालमहंमदच्या घरी गेला.

अंगणात पत्र्याची एक बुटकी खोली होती. बाहेर ऑक्टोबरचे ऊन, आत दोन पेटत्या शेगड्या, आणि मध्ये तीन घोंगड्या लपेटून महमूद बसला होता. वीस-बावीस वर्षांचा तो तरुण, पण डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. शनिवारपर्यंत घाम गाळून चार रतल वजन उतरवले नाही तर घोडा दुसऱ्याला देऊ, असे घोड्याच्या मालकाने बजावले होते. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हते, पाण्याचा थेंब नव्हता.

त्याची आई खुर्शीद दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

“घे रे बाळा, दोन घोट तरी घे.”

महमूदने हात पुढे केला. आणि शामकांतने, रोज देवपूजा केल्याशिवाय अन्नाला न शिवणाऱ्या त्या सज्जन माणसाने, झेप घेऊन तो पेला हिसकावला!

“पाणी देऊ नका भाभी! वजन वाढेल! मग शनिवारी त्याला घोड्यावर बसूच देणार नाहीत!”

पाणी मातीत सांडले. महमूद त्या ओल्या जागेकडे बघत राहिला.

“भाऊ, आई हाय मी त्याची!” खुर्शीद कळवळून म्हणाली.

आवाज ऐकून लालमहंमद लंगडत बाहेर आला. तोही एके काळी जॉकी होता. घोड्यावरून पडून खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून सुई-दोरा हातात आला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

“किती लावले शामकांतराव?”

“शंभर. चाचा, बायकोच्या ऑपरेशनचे आहेत हो! महमूद जिंकला नाही तर ती मरेल!”

“घोड्याचं नाव काय?”

“घोडा... कोणता का असेना, वर महमूद आहे ना!”

“बघा, तुमाला घोडं बी ठाऊक न्हाई. बारा वर्सं मी घोड्यावर काढली, मी सांगतो ते ऐका. पळतंय ते घोडं. जॉकीनं त्याचा दम राखायचा, मोकळी वाट हेरायची आन येळेवर त्याला सोडायचं. ते काम लहान न्हाई. चुकला तर जितनारं घोडं हरतं. पन घोड्यात नसलेला दम जॉकी कुठनं आनील? आन एवढं करायला बी त्याच्या अंगात ताकद पायजे, डोकं जाग्यावर पायजे. तुमी ह्याला उपाशी, तान्हेला बसवनार, आन त्याच्या जिवावर बायकू वाचवनार?”

“मग तुम्ही का नाही अडवत त्याला?” शामकांत चिडून म्हणाला.

लालमहंमदची मान खाली गेली. “माझी बी चूक हायच. बाजारानं ह्याला खांद्यावर घेऊन नाचवला, तवा मी बी हसलो. आता सारं भिंगार डोळं लावून बसलंय, तर न्हाई म्हनायची त्याची छाती व्हत न्हाई.”

तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. महमूद घोंगड्यांसकट कोसळला होता. अंग तव्यासारखे तापलेले, जीभ कोरडी पडलेली. लालमहंमदला त्याला उचलवेना.

खरे सांगायचे तर त्या क्षणीही शामकांतच्या मनात आधी शनिवारच आला. मग मुलाच्या ओठांना ओला पदर लावणारी खुर्शीद त्याला दिसली आणि त्याला स्वतःची किळस आली. त्याने महमूदला खांद्यावर घेतले, रस्त्यावर धावत जाऊन टांगा थांबवला आणि दवाखाना गाठला. पोर वाचले. पण लघवीतून रक्त जात होते. पुन्हा घोड्यावर बसायचे नाव काढू नका, असे डॉक्टरांनी सांगितले.

शनिवारी संध्याकाळी सहादेवच्या हॉटेलात तार आली. महमूद ज्या घोड्यावर बसणार होता, तो घोडा जिंकला होता! वर भलताच जॉकी होता, तरी जिंकला होता. शामकांतच्या वेड्या मनाला पालवी फुटली.

“सहादेव, म्हणजे आपण जिंकलो?”

“शामराव, तुमी घोडा कुटं लावला व्हता?” सहादेव गल्ला बंद करीत म्हणाला. “तुमी महमूद लावला. महमूद बसलाच न्हाई. पैसे बुडाले.”

हॉटेलात एकच गिल्ला झाला. आपल्यावर शेकू नये म्हणून सहादेवने हळूच पिल्लू सोडले, “मला काय बोलता? दगा दिला तो तुमच्या महमूदनं!” झाले! परवापर्यंत ज्याला ‘आपला’ म्हणत होते, त्याच्याच दारावर तीस-चाळीस माणसे चालून गेली. “पैसे खाऊन घरात बसला! बाहेर काढा त्याला!” पत्र्यावर दगड पडू लागले. लालमहंमद दारात हात जोडून उभा राहिला.

शामकांत गर्दीतून घुसला आणि त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“थांबा! त्याच्या आईच्या हातातलं पाणी मी हिसकावलं! ऐकताय ना? मी! तो तापात आहे हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. कोण आलं विचारायला? एकटा मी आलो, तोही माझे पैसे बुडतील म्हणून! बायकोच्या औषधपाण्याचे पैसे माझे बुडालेत, ते मी बुडवले, महमूदनं नाही. दगड मारायचा असेल तर मला मारा!”

एक-दोघे पचकन थुंकले; बाकीचे एकेक करून पांगले. सगळ्यांना लाज वाटली असे मात्र मी म्हणणार नाही.

शामकांत घरी पोहोचण्याआधीच बातमी पोहोचली होती. इंदू भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यापुढे बसला आणि मुसमुसून रडू लागला.

“मला विचारलं असतंत, तर मी ऑपरेशनच नको म्हटलं असतं,” ती म्हणाली. “मी मरणार आहे, हे मनाला समजावता येतं. पण दुसऱ्या आईच्या मुलाचा जीव माझ्या नावावर घ्यायला निघालात! तसल्या पैशांनी मी जगले असते, तर त्या बाईला तोंड कसं दाखवलं असतं?”

शामकांतने पेटीतली शाल काढून तिच्या खांद्यावर घातली.

त्याने सायकल विकली, पगाराची उचल घेतली. ऑपरेशन दिवाळीनंतर सव्वा महिन्याने झाले. इंदू जगली, पण त्या उशिराने तिचे अंग जे खंगले ते पुन्हा भरले नाही. महमूद बापाशेजारी बसून खोगिरे शिवू लागला. शामकांत रोज कचेरीत जाताना त्या घरावरून जाई, आणि रोज त्याची मान खाली जाई.

बंधूंनो, जुगार वाईट, हे तुम्हांला सांगायला माझी गरज नाही. पण आपल्या हावेखाली एक जिवंत माणूस दबलेला असतो, तो आपल्याला दिसत नाही. त्याच्या हातात असते थोडे, आपण त्याच्यावर टाकतो सगळे, आणि ते पेलले नाही की त्यालाच दगड मारतो. कोणाला आपला म्हणून डोक्यावर घ्यायचे असेल तर जरूर घ्या. पण तो आज जेवला का, एवढे आधी विचारा!