हणमंताचा पाय

तपकिरी मोजा. एकही सुरकुती नसलेला, टाचेशी ताणून बसवलेला... आणि कोरडा. हणमंताच्या डाव्या, बनवलेल्या पायावरचा तो मोजा रामलिंग मघापासून पाहत होता. हा आता कधीच ओला होणार नाही. सीमेवरच्या त्या खंदकात आठ महिने दोघांचे चारही मोजे ओले असायचे. पिळायचे, पोटाशी धरून वाळवायचे आणि सकाळी पुन्हा त्याच गाळात उतरायचं. बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलून निघायची. रामलिंगची अजून निघते. नांदेडच्या डॉक्टरांना कारण सापडत नाही.

"भाऊजी, चहा घ्या. मुदखेडहून कधी निघालात?" हणमंताच्या बायकोनं, चंद्रप्रभानं विचारलं.

"सकाळच्या बसनं."

हदगावच्या या घरात सगळं हणमंताच्या सोयीनं बेतलेलं — उंच पलंग, न्हाणीत धरायला लोखंडी नळी, दारात पायरीऐवजी उतार. या माणसाचं काहीतरी गेलं आहे, हे घरानं मान्य केलं होतं. आणि माझ्या घरी? बायकोनं, सिंधूनं, कुकर लावणं तेवढं बंद केलं, शिट्टी ऐकून मी जमिनीवर पालथा पडलो त्या दिवसापासून, एक शब्द न बोलता. बाकी सगळे म्हणतात, धडधाकट परत आलास, नशीबवान आहेस.

शेजारचे शंकरप्पा येऊन बसले. बोलणं पायावर गेलंच.

"दुपारची वेळ होती. तोफेचा गोळा पडला, पाय गेला," हणमंत सांगत होता. "ह्यानं पट्टी बांधली, पाठीवर घेऊन मागं आणलं मला."

संपलं. किती नीट बसते याची गोष्ट... सुरुवात आहे, शेवट आहे, आणि पुरावा म्हणून पाय आहे. रामलिंग त्यानंतर आणखी सहा महिने तिथेच होता. समोरचे तीनशे मीटरवर, हे इकडे. रोज गोळे यायचे, रोज खंदकाच्या भिंतीची फाटलेली वाळूची पोती बदलायची, आणि इतक्या दिवसांत ना ते हातभर पुढे आले, ना हे. काहीच घडलं नाही. काही न घडता माणूस असा झिजत जातो — हे सांगायचं कुणाला, आणि दाखवायचं काय?

"लई मोठं काम केलंत तुम्ही," शंकरप्पा त्याच्याकडे वळून म्हणाले.

ते गेले, चंद्रप्रभा आत वळली, आणि सिंधूलाही कधी न सांगितलेलं रामलिंगच्या तोंडून निघून गेलं.

"हणमंत, पट्टी बांधायच्या आधी मी थांबलो होतो."

हणमंतानं वर पाहिलं.

"पट्टी हातातच होती. तुझं रक्त जात होतं, अन् मी नुसता बघत होतो. मनात आलं... हा चालला आता घरी. जळलो मी तुझ्यावर."

हणमंतानं पट्टे सैल केले, पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला. उरलेल्या भागावरून तो सावकाश हात फिरवत राहिला.

"माहीत हाय. शुद्धीवर होतो की मी."

"मंग इतक्या वर्षांत बोलला कामून न्हाईस?"

"काय बोलू? तू बघून राहिला होतास, तवा मला बी तेच वाटलं. बरं झालं. सुटलो. दुखाया मागनं लागलं."

मग "जेवून जा" म्हणाला, आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरू लागला, भर दुपारी, कूस न बदलता.

रामलिंगनं भिंतीशी उभ्या पायाकडे पाहिलं. चार वर्षं तो या पायाचा हेवा करत आला होता. आता पाहताना आत काहीच हललं नाही. त्याला वाटायचं, पट्टी बांधायच्या आधी थांबलेले ते क्षण तरी आपले एकट्याचे आहेत, त्या खंदकातून आपण आणलेलं एवढंच... तेही हणमंताजवळ होतं, आणि ते उशाला घेऊन तो झोपत होता. हलकं वाटायला हवं होतं. नसेल तर राग तरी यायला हवा होता.

सुटलो — किती सहज म्हणाला. रामलिंगनं तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला, पुन्हा एकदा, ओठ हलवून... आणि शेजारी झोपलेल्या माणसाच्या तोंडातून काढून घेतल्यासारखा तो परकाच लागला.