बऱ्या झालेल्या पेशी

खारूला मावशीचा धंदा एका वाक्यात कळला होता. "म्हणजे तू विषाणूंना पकडून हमाली करायला लावतेस," ती म्हणाली होती. मावशीला ते इतकं पटलं की प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांना ती तसंच सांगू लागली. विषाणूच्या पोटातलं आजार करणारं सामान काढून टाकायचं, तिथे माणसाचं जनुक भरायचं आणि त्याला डिशमधल्या पेशींवर सोडायचं. पेशीत शिरणं विषाणूला कुणी शिकवावं लागत नाही. तो शिरतो, ओझं उतरवतो, आणि सगळं जुळून आलं तर पेशी त्या जनुकावरून प्रथिन बनवायला लागते.

खारूच्या पेशी ज्या प्रथिनावाचून अडल्या होत्या, त्याचंच हे जनुक. लहानपणी ती खारीसारखी दिसेल त्यावर चढायची म्हणून हे नाव पडलं. आता स्नायू ढिले पडत चालले होते, ती चाकांच्या खुर्चीत बसायची आणि पाठीचा कणा एका बाजूला कलत होता. नाव मात्र कुणाला बदलवेना. पाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. फुप्फुसांत जोर आहे तोवर उरकून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि नेमकी त्याच दिवसांत मावशीला ती पट्टी दिसली.

तिने दोन डिश शेजारी शेजारी वाढवल्या होत्या. एकीत खारूच्या त्वचेच्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशी, दुसरीत तुलनेसाठी निरोगी माणसाच्या. निरोगी माणूस कुठे शोधत बसायचा, म्हणून तिने स्वतःच्याच दंडाचा टवका दिला होता. विषाणू सोडला फक्त खारूच्या पेशींवर. मग दोन्हींतल्या थोड्या पेशी गोठवून ठेवल्या, बाकीच्या फोडून त्यांतली प्रथिनं एका पटलावर शेजारशेजारच्या रकान्यांत वेगळी केली. हवं ते प्रथिन असेल तिथे पट्टी उमटते, आणि खारूच्या रकान्यात होती काळी, ठसठशीत पट्टी. निरोगी पेशींच्या रकान्यात मात्र काहीच नाही. निरोगी पेशी तर ते प्रथिन एरवीही बनवतात, म्हणून हे विचित्र होतं. पण आनंदाच्या भरात माणूस जे करतो तेच मावशीने केलं. ओतताना नमुना सांडला असेल, असं म्हणून ती मोकळी झाली.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे शंकासूर म्हणत. तो म्हणाला, पुन्हा कर आणि मग बोल. तो त्या प्रयोगशाळेचा रिवाजच होता, निकाल पुन्हा पुन्हा येईपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही. मावशीला वाटलं, याचा नन्नाचा पाढा नेहमीचाच. तिने जिन्यात जाऊन धाकट्या बहिणीला, खारूच्या आईला, फोन लावला.

"खारूच्या पेशी बऱ्या झाल्या," ती म्हणाली आणि रडली.

औषध निघालं, असं ती म्हणाली नव्हती. डिशमधल्या पेशी आणि चालतंबोलतं मूल यांच्यात किती अंतर असतं हे तिला पाठ होतं, पण सांगायचं राहून गेलं. आईच्या कानांना तरी दुसरं काय ऐकू येणार? धाकटीने ऑपरेशन पुढे ढकललं. औषध येतंच आहे तर पोरीची पाठ कशाला फाडायची, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. मावशीला हे कळलं, तेव्हा तिने अडवलं नाही. तिच्या बाकीच्या चुका एक वेळ पोटात घालता येतील, ही नाही.

पुढे महिनोन्महिने मावशीने रक्ताचं पाणी केलं. पट्टी पुन्हा म्हणून दिसली नाही. जनुक होतं लांबलचक, आणि विषाणूच्या इवल्याशा पोटात कोंबताना त्याचं शेपूट तुटत असणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मग पहिल्या वेळी कसं जमलं? शेवटी शंकासूरच म्हणाला, तेव्हा खारूच्या म्हणून गोठवलेल्या पेशी नक्की कुणाच्या आहेत, तेवढं तपासून घेऊ.

तपासलं. त्या पेशींत खारूच्या जनुकातला दोष नव्हताच. त्या मावशीच्या होत्या.

नाव डिशच्या बुडावर लिहायचं, असा दंडक. पण बुडावर मार्करची रेघ असली की मायक्रोस्कोपखाली ती मध्ये येते, म्हणून मावशी झाकणावर लिहायची. पेशींचं खाद्य बदलताना तिने दोन्ही झाकणं काढून बाजूला ठेवली असतील, आणि लावताना इकडचं तिकडे गेलं असेल. तिच्या धडधाकट पेशींनी आपलं रोजचं प्रथिन बनवलं होतं, त्यात नवल कसलं. आणि सांडला असेल म्हणून सोडून दिलेला तो कोरा रकाना खारूचा होता.

शंकासूरने गोठवलेल्या कुपीवरचं खारूचं नाव खोडलं आणि मावशीचं लिहिलं. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं.

ती तशीच बहिणीकडे गेली. दार उघडताच धाकटीने सांगितलं, आत्ताच डॉक्टरांकडून आलोय. फुप्फुसं थकलीत, ऑपरेशनची भूल आता पोरीला झेपायची नाही, तो मार्ग कायमचा बंद. तरी तिचा धीर सुटला नव्हता.

"आता सगळी भिस्त तुझ्यावर, ताई," ती म्हणाली.

मावशी उभीच राहिली. उभ्या उभ्याच तिने झाकणांचं, पट्टीचं, कोऱ्या रकान्याचं सगळं सांगून टाकलं. आपण माफी मागायची सोडून धडा समजावून देतोय, हे तिच्या लक्षात आलं, पण थांबता येईना.

"फोनवर तू खारूच्या पेशी म्हणालीस," धाकटी म्हणाली.

"माझ्या होत्या गं त्या."

खारू खिडकीशी, खुर्चीत तिरकी बसून ऐकत होती. "म्हणजे तूच बरी झालीस होय, मावशी," ती म्हणाली. त्यात टोचणी नव्हती, तिला खरंच गंमत वाटली होती. मावशीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

धाकटी रडली नाही की भांडली नाही. खारूच्या कुशीखालची उशी पुन्हा निसटली होती, ती नीट करायला ती वाकली. "मागून आधार दे तिला," मावशीकडे न बघता ती म्हणाली.

मावशीने पाठीच्या मधोमध, कणा असायचा तिथे तळवा टेकवला. तिथे तो नव्हता. तो शोधत तिचा हात पार बरगड्यांपर्यंत गेला.