डाव्या कोपऱ्यातलं धुराडं

दुपारचे चार वाजले की आमच्या तळावर एकच गडबड उडते. ऑर्विन, म्हणजे माझा नवरा, आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पोटावरचं झाकण उचलतो, आतला टीव्ही बाहेर ओढतो आणि अख्ख्या रांगेतले म्हातारेकोतारे आपापल्या घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून हजर होतात. कुणी चिप्स आणतं, कुणी बिअर. सगळे उत्तरेकडचे, थंडीच्या हातावर तुरी देऊन ॲरिझोनात पळून आलेले. आणि आम्ही बघतो काय, तर हवामान. इथलं नव्हे हो, इथलं काय बघायचंय, ऊन आहे. घरचं हवामान!

ऑर्विनने गाडीच्या छपरावर इंटरनेटची डिश बसवल्यापासून नॉर्थ डकोटातल्या आमच्या बातम्या इथे वाळवंटात जशाच्या तशा दिसतात. तिकडे बर्फाने गाड्या गाडल्या गेल्या की इकडे टाळ्या. आमचा खेळही ठरलेला आहे. बातम्या सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आमच्या नॉर्बी गावचं तापमान सांगायचं, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात चुकेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. हा अख्खा हिवाळा ती मीच घासतेय.

"आर्डिस, कालचा आकडा तरी लक्षात ठेव गं," शेजारची विल्मा म्हणते. ही कॅनडातल्या मॅनिटोबाची, आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. "काल उणे अठरा होतं आणि आज तू उणे दोन म्हणतेस? तिथे काय वसंत आलाय?"

"मी आशावादी आहे," मी म्हणते आणि साबण काढते.

बातम्या संपल्या की मी माझ्या धाकट्या बहिणीला, फर्नला, फोन लावते. फर्न अजून नॉर्बीतच राहते, आमच्या घरापासून तीन घरं सोडून. तिच्याकडे आमची किल्ली असते.

"काय गं फर्न, आज फावडं मारलंस की नाही? मी बाई उघड्या पायांनी बसलेय. जरा गरमच होतंय म्हण ना."

"भाज तिकडे! भाजून चांगली काळी ठिक्कर पड," फर्न म्हणते. "तुझी पाळी येईल हां, आर्डिस. सव्याज वसूल करीन."

अशी मी. मीच सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवणारी, आणि तेच माझ्या अंगाशी आलं.

झालं असं, की त्या फेब्रुवारीत आमच्या घराला गिऱ्हाईक आलं. गावात नवीन आलेला एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको. त्यांनी किंमत बरी सांगितली होती आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाले. ऑर्विनचा जीव हो म्हणण्यावर. घर विकायचं आणि कायमचं गाडीतच राहायचं, हिवाळ्यात दक्षिणेला, उन्हाळ्यात डोंगरात.

"पाच महिने ते घर रिकामं असतं," तो म्हणाला. "पाइप फुटला का, छपराला गळती लागली का, नुसता डोक्याला ताप. आणि तुला तिथे हवंय काय? तिथे बर्फ पडला की तू शिट्ट्या मारतेस!"

"शिट्टी मी एकदाच मारली."

"आणि माझं तरी तिथे काय उरलंय? होती एक खुर्ची, ती तू चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकलीस."

खुर्चीचा विषय निघाला की मी फारसं बोलायची नाही. ती खुर्ची मोहरीच्या रंगाची होती, मागे कलणारी, एका हातावर सिगारने जळलेलं भोक आणि त्यावर चंदेरी चिकटपट्टी. नवा सोफा आला तेव्हा दोघांना एका खोलीत ठेवणं म्हणजे सोफ्याचा अपमान होता. दोन वर्षं झाली होती, तरी हा माणूस तिचं सुतक पाळत होता.

पण घराचं मला काही उत्तर देता येईना. कारण खरं उत्तर जरा लाजिरवाणं होतं. बातम्यांत हवामानाच्या शेवटी गावोगावचे कॅमेरे दाखवतात. आमच्या नॉर्बीचा कॅमेरा धान्याच्या उंच कोठारावर आहे. त्यात मेन स्ट्रीट दिसते, चर्च दिसतं, आणि अगदी खाली डाव्या कोपऱ्यात आमचं छप्पर आणि विटांचं धुराडं. पापणी लवायच्या आत पुढचं गाव येतं. पण तेवढ्यासाठी मी रोज चार वाजता तोंडाला लिपस्टिक लावून बसायचे. त्या छपराखाली माझी तीन पोरं वाढली, त्या छपराखाली माझी आई गेली. ते छप्पर मला हवं होतं, बस. पण रोज टाळ्या पिटणाऱ्या बाईने हे म्हणायचं कुठल्या तोंडाने? ऑर्विन जन्मभर चिडवत राहिला असता.

त्या आठवड्यात तिकडे असं वादळ आलं की काही विचारू नका. बुधवारी कॅमेऱ्यात नुसतं पांढरं. हायवे बंद. आमच्या तळावर तर जत्राच भरली, विल्माने पॉपकॉर्नची बादली आणली. मी पण ओरडले, चारचौघांत ओरडावंच लागतं. नजर मात्र डाव्या कोपऱ्यावरच होती.

गुरुवारी आभाळ थोडं उघडलं. मेन स्ट्रीट आली, चर्च आलं, डावा कोपरा आला आणि माझ्या हातातला ग्लास तिरपा झाला. आमच्या धुराड्यातून धूर निघत होता! चांगला जाड, करडा धूर. बंद घरात, जिथे पाइप गोठू नयेत म्हणून पाणीसुद्धा आम्ही काढून टाकलं होतं!

"काय झालं?" ऑर्विनने विचारलं.

"कुठे काय? माशी होती."

सांगणार कशी? सांगितलं तर एक म्हणजे मी धुराड्याकडे बघते हे उघडं पडणार, आणि दुसरं म्हणजे हा म्हणणार, बघ, रिकाम्या घरात चोर घुसले, विकून टाक. मी भांडी घासायचं निमित्त करून गाडीत गेले आणि फर्नला फोन लावला.

"फर्न, माझ्या घरातून धूर येतोय."

"कसला धूर? तुझ्या मेंदूतून येत असेल. टोपी घालत जा उन्हात."

मागून पुरुषांच्या हसण्याचा आवाज आला. एक नाही, चांगले चारपाच.

"कोण आहे तिथे?"

"टीव्ही लावलाय," फर्न म्हणाली. "तुलाच हौस असते होय?" आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. फर्न लबाड आहे, पण घर जाळणार नाही एवढी खात्री होती. पण मग ते हसणारे पुरुष कोण? आमची फर्न अडुसष्ट वर्षांची आहे.

शुक्रवारी चार वाजता सगळे जमले. ऑर्विन बिअर उघडत मला हळूच म्हणाला, "उद्या डॉक्टरला काय सांगायचं ते आज ठरवू." मी मान हलवली. बातम्या सुरू झाल्या. एक तरुण बातमीदार, डोक्यावर टोपी नाही, कान टोमॅटोसारखे लाल, बर्फात उभा राहून सांगत होता, हायवेवर अडकलेल्या प्रवाशांना नॉर्बी गावात एका दयाळू कुटुंबाने आसरा दिलाय. आणि मग तो वळून एका दारातून आत शिरला.

त्या दारावरचा पितळी मासा मी स्वतः ठोकला होता.

"अगं बाई!" विल्मा किंचाळली. "आर्डिस, हा मासा तुझ्या फोटोत आहे ना?"

माझ्या स्वयंपाकघरात माझा एप्रन घालून फर्न उभी होती. माझ्या टेबलाभोवती ट्रक ड्रायव्हर बसले होते, एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती, आणि सगळे माझ्या फ्रीजरमधल्या सफरचंदाच्या पाई खात होते. ईस्टरसाठी केलेल्या! हरणाचं सॉसेजसुद्धा काढलं होतं. पिठाच्या डब्यामागे लपवलेली ब्रँडी टेबलाच्या मधोमध.

"हे घर माझ्या ताईचं, आर्डिसचं," फर्न थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाली. तिला पक्कं ठाऊक होतं मी कुठे बसलेय आणि कुणाबरोबर. "ती बिचारी तिकडे वाळवंटात उन्हाने हैराण आहे. पण रोज न चुकता फोन करते. म्हणाली, फर्न, घर उघड, फ्रीजर उघड, काही म्हणून शिल्लक ठेवू नकोस. ब्रँडी कुठे लपवलीय तेसुद्धा तिनेच सांगितलं. फार मोठं मन आहे हो तिचं!"

ड्रायव्हरांनी ग्लास उंचावले. "आर्डिसच्या नावाने!"

इकडे आमच्या तळावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. विल्माने मला मिठी मारली, तिचे डोळे भरून आले होते. आणि मी? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण चेहऱ्यावर संत बाईसारखं हसू आणून बसावं लागलं. सव्याज वसूल करीन म्हणाली होती सटवी. केलं!

तेवढ्यात कॅमेरा दिवाणखान्यात वळला. नवा सोफा बर्फाळ बुटांनी भरला होता. त्याच्या शेजारी एक जाडजूड दाढीवाला ड्रायव्हर पाय वर करून, मागे कलून, तोंड उघडं टाकून झोपला होता. मोहरीच्या रंगाच्या खुर्चीत. हाताला चंदेरी चिकटपट्टी.

ऑर्विनच्या हातातली बिअर त्याच्या पँटवर सांडली.

"ती माझी खुर्ची आहे," तो म्हणाला. मग उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला, काचेवर बोट ठेवलं. "आर्डिस. ही माझी खुर्ची आहे!"

"तशीच दिसते खरी," मी म्हणाले.

"चर्चला दिली होतीस ना?"

विल्माने पॉपकॉर्न चघळणं थांबवलं. सगळा तळ टीव्ही सोडून आमच्याकडे बघायला लागला. बातम्यांपेक्षा हे बरं होतं त्यांच्या दृष्टीने.

"तळघरात होती," मी म्हणाले. "चादरीखाली. फर्नने वर ओढलेली दिसतेय."

"दोन वर्षं! दोन वर्षं तू मला..."

"अरे, मग काय करू? वर ठेवली असती तर खोलीची कळा गेली असती, आणि देऊन टाकायला हात होईना."

"का होईना? इतकी नावं ठेवायचीस तिला!"

आता एवढ्या लोकांसमोर सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "तुझ्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा तुला आडवं होता येत नव्हतं. सगळा हिवाळा त्या खुर्चीत झोपलास तू. मी खाली सतरंजीवर, तुझा श्वास ऐकत. ती खुर्ची घाणेरडी आहे, ऑर्विन, पण तिने तुला परत दिलं मला. मी ती विकायला ठेवणार होते काय?"

टीव्हीवर तो दाढीवाला खुशाल घोरत होता. ऑर्विनने रुमाल काढून आधी पँट पुसली, मग नाक.

"त्याला सांग, पाय खाली ठेव म्हणावं," शेवटी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तिची कळ ढिली आहे."

त्या दिवशी कुणी आकडा विचारलाच नाही. तरी भांडी मीच घासली, सवयीने.

फर्नला मी फोन केला. फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "काय गं ताई, हवा कशी आहे तिकडे?"

"पाई किती उरल्या?"

"एकही नाही. सगळे म्हणत होते, जरा गोड कमी होत्या."

शनिवारी सकाळी न्याहारीच्या आधीच ऑर्विन फोन घेऊन गाडीबाहेर गेला. खिडकीतून मला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. "नाही हो डॉक्टर, किमतीचा प्रश्नच नाही. तळघरात सामान निघालं आमचं. हो. जड सामान आहे." मी अंडी परतत होते. ती करपली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मला इतका आनंद झाला होता की करपलेली अंडी मी हसत हसत त्याच्या ताटात वाढली.

"ही काय शिक्षा?" त्याने विचारलं.

"तुला कायमचं गाडीत राहायचं होतं ना? गाडीत अशीच अंडी मिळतात."

चार वाजता त्याने पुन्हा झाकण उचललं, टीव्ही ओढला. माझी खुर्ची मी नेहमीच्या जागी मांडली. तो आला, मला उठवलं, खुर्ची हातभर डावीकडे सरकवली आणि पाय नीट टेकवून दिले.

"इथून बघ. मान दुखणार नाही."

"काय बघू?"

"धुराडं."

"कुठलं धुराडं?" मी म्हणाले. "मी तापमान बघते रोज."

ऑर्विन माझ्या शेजारी बसला आणि शांतपणे बिअर उघडली.

"तापमान उजव्या कोपऱ्यात येतं, आर्डिस."

म्हणजे या म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं!

"मग विकायचं विकायचं म्हणून माझा जीव का खाल्लास?"

"तू तोंडाने एकदा 'नको' म्हणशील म्हणून वाट बघत होतो. आज सकाळपर्यंत म्हणाली नाहीस." त्याने एक घोट घेतला. "आणि खुर्ची खरंच गेली असती, तर विकलंही असतं."

मला संताप यायला हवा होता. तो उद्या येईल, असं ठरवून मी आपली डाव्या कोपऱ्याकडे बघत बसले.

"बोल आर्डिस," विल्मा पलीकडून ओरडली, "आज किती?"

"उणे दोन," मी म्हणाले.